आईचा वॉकर दोन भोकं खाली आला

आमच्या भागातल्या रहिवाशांनी भरवलेल्या सेवा मेळाव्याला गेल्या रविवारी आईला घेऊन गेलो होतो. असे मेळावे भरवणाऱ्यांना आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तिथे न्यावं की नाही या विचारात असलेल्यांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितो.

शाळेच्या सभागृहात वीसेक टेबलं होती. आरोग्य तपासणी, मोफत कायदा सल्ला, पेन्शनची मदत, रोजगार नोंदणी, वाचनालय, समुपदेशन, घरी येऊन शुश्रूषा करणारे, रुग्णोपयोगी साहित्य. दारातच एक मुलगी वही घेऊन बसली होती. कोणत्या विभागात जायचंय, असं तिने विचारलंच नाही. म्हणाली, "आजी, रोजच्या दिवसात काय अडतं तुमचं?"

आई म्हणाली, "रात्री उठायची भीती वाटते गं. वॉकर धरला की खांदे भरून येतात, मग तो ठेवून भिंतीला धरून जाते."

मी शेजारीच उभा होतो. मी आईला पेन्शनच्या कागदासाठी आणलं होतं, आणि हे ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. पेन्शनचं काम दहा मिनिटांत झालं, त्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

त्या मुलीने "तिकडे जा" म्हणून बोट दाखवलं नाही. उठून आईच्या चालीने चालत साहित्याच्या टेबलापर्यंत आली आणि तिथल्या बाईंना आईची अडचण आईच्याच शब्दांत सांगून मग परत गेली. त्या बाईंनी आईला वॉकरमध्ये सरळ उभं केलं, हात मोकळे सोडायला लावले. वॉकरची मूठ मनगटाच्या घडीला यायला हवी, म्हणजे धरल्यावर कोपर थोडं वाकलेलं राहतं. आईची मूठ बरीच वर होती, त्यामुळे चालताना खांदे कानाशी चढायचे. बाईंनी चारही पायांची बटणं दाबून प्रत्येक पाय दोन भोकं खाली घेतला. खट, खट, खट, खट. आई चार पावलं चालली आणि थांबून माझ्याकडे बघायला लागली.

मी सुतार आहे. ओट्याची उंची काढताना आधी स्वयंपाक करणाऱ्या माणसाला उभं करून बघतो. दोन वर्षं घरात असलेला वॉकर मी एकदाही आईला लावून बघितला नव्हता, याचं मनापासून वाईट वाटलं.

आरोग्याच्या टेबलावर मात्र घाई झाली. आई अर्धा तास रांगेत उभी होती. खुर्चीत टेकते न टेकते तोच पट्टा बांधला आणि रक्तदाब आला 168. शेजारच्या बाई चौकशी करत होत्या, आई उत्तरं देत होती. रक्तदाब मोजायच्या आधी निदान पाच मिनिटं पाठ टेकून, पावलं जमिनीवर ठेवून, न बोलता बसायचं असतं, आणि हात हृदयाच्या पातळीवर आधाराला हवा. मी विनंती केली, त्यांनी लगेच मानली. आईला कोपऱ्यात शांत बसवून पुन्हा मोजला तेव्हा 142 आला. हाही डॉक्टरांना दाखवायचाच आहे, पण 168 ऐकून आईचा चेहरा उतरला होता, तो त्रास टळला असता. रांगेतच खुर्च्या मांडल्या तरी पुरे.

कानांची तपासणी लाउडस्पीकरच्या खालीच ठेवली होती. बारीक आवाज ऐकू येतात का ते तिथे कसं कळणार? आम्ही ती केली नाही.

समुपदेशनाचं टेबल दारासमोर, सगळ्यांच्या नजरेत. आम्ही होतो तोवर तिथे एकही माणूस बसलेला दिसला नाही. गरज नव्हती असं नाही. एक बाई दोनदा त्या टेबलापर्यंत गेल्या, इकडेतिकडे बघितलं आणि परत फिरल्या. मागच्या बाजूची वर्गखोली रिकामीच होती.

मेळाव्याचं खरं मोल मात्र जाताना हातात पडलेल्या चिठ्ठीत आहे. पत्रकं सगळीकडेच वाटतात, ती घरी येऊन रद्दीत जातात. इथे प्रत्येक टेबलावर एकाच चिठ्ठीवर लिहून देत होते: कुठे जायचं, कोणत्या वारी, कोणाला भेटायचं, कोणते कागद न्यायचे. अक्षर मोठं, आईला चष्म्याने वाचता येईल असं. खाली आमचा फोन नंबर, आणि "आम्ही फोन केलेला चालेल का?" असं विचारून मगच खूण केलेली. बुधवारी फोन आला. दारातल्या त्या मुलीचाच. न्हाणीघरात भिंतीला धरायची दांडी बसवली का, म्हणून विचारत होती. बसवली होती, सोमवारीच.

एक तक्रार राहिली. दाराला दोन पायऱ्या आहेत, मिळून 30 सेंटिमीटर. त्यावर जेमतेम दीड मीटरची फळी टाकली होती. चाकाच्या खुर्चीतल्या एका तरुणाला दोघांनी मागून रेटून चढवलं, उतरताना तो डोळे मिटून बसला होता. एकाला बारा, म्हणजे उंचीच्या बारा पट लांबी, या हिशेबाने तिथे 3.60 मीटर लांबीचा उतार लागतो, आणि बाजूला कठडा. मेळावा भरवणाऱ्यांना मी त्याच दिवशी शब्द दिला आहे. मापं घेतली आहेत, लाकूड माझ्याकडचंच. पुढच्या वेळी आदल्या संध्याकाळी येऊन बसवून जाईन.