निलगिरीची वाफेची गाडी: एक दिवस डब्यात, एक दिवस रस्त्यावर

आधीच सांगून टाकते, या गाडीबद्दल मी तटस्थ राहू शकत नाही. वडील कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. बार्शी लाइट रेल्वेची, अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी लांबून शिट्टी द्यायची आणि आई दोरीवरचे कपडे ओढून घरात घ्यायची, कारण पांढऱ्या सदऱ्यावर कोळशाची काजळी बसली की ती निघत नसे. त्यामुळे वाफेच्या इंजिनाला कमी गुण द्यायला माझा हात धजावत नाही. पण फोटो काढायला म्हणून तिथे गेलात तर पदरात काय पडतं आणि काय नाही, एवढं मात्र रोखठोक लिहिता येईल. शनिवार-रविवार, दोनच दिवस होते. बरोबर बहिणीचा मुलगा, वय एकोणीस. गाडीपेक्षा तिच्या आवाजातच त्याला जास्त रस.

निलगिरीची गाडी डोंगराच्या पायथ्याच्या मेट्टुपालयमहून उटीला जाते. मीटरगेज (दोन रुळांत एक मीटर अंतर), 46 किलोमीटर. कुन्नूरपर्यंतची लाइन 1899 ची, उटीपर्यंत ती पोचली 1908 मध्ये. 2005 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. यातलं वाफेचं इंजिन लागतं ते मेट्टुपालयम ते कुन्नूर एवढ्याच टप्प्यात. कुन्नूरच्या पुढे डिझेल. हे ठाऊक नसलेली माणसं उटीच्या फलाटावर इंजिनाबरोबर फोटो काढायला धावतात आणि डिझेल बघून हिरमुसतात. आमचं तिकीट उटीपर्यंतचं होतं, तरी आम्ही कुन्नूरलाच उतरलो. तिकीट मात्र आरक्षण उघडतं त्याच दिवशी काढा. गाडीला डबे मोजून चार आणि हौशी माणसं देशभरातली.

दुसरी गोष्ट मला आधीपासून माहीत होती, पण फोटोच्या दृष्टीने तिचा अर्थ काय होतो ते तिथे गेल्यावर कळलं. चढताना इंजिन मागे असतं. ते गाडी ओढत नाही, ढकलतं. म्हणजे वळणावर खिडकीतून डोकावून पुढे बघितलं तर दिसतात निळे-क्रीम डबे, इंजिन नाही. ते बघायचं तर मागे वळून बघावं लागतं, आणि मागच्या प्रत्येक खिडकीतून एकेक मोबाइल बाहेर आलेला असतो. माझे शनिवारचे निम्मे फोटो हे अनोळखी माणसांच्या कोपरांचे आहेत.

कल्लारपर्यंतचे सात-आठ किलोमीटर गाडी सपाटीवरून सुपारीच्या बागांमधून जाते. इथे कॅमेरा पिशवीतच राहू द्या. कल्लार सुटलं की रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्या सुरू होतात. एक नाही, दोन, शेजारी शेजारी. त्यांचे दाते एकमेकांसमोर येत नाहीत, अर्ध्या दात्याने मागेपुढे बसवलेले असतात. त्यामुळे इंजिनाखालचं दातेरी चाक एका पट्टीतून सुटत असताना दुसरीत घट्ट रुतलेलं असतं. त्या पट्ट्या सुरू होतात तिथे गाडी अगदी मुंगीच्या पावलाने जाते आणि मग पायाखालून वेगळाच खडखडाट यायला लागतो. चढ 12.5 ला 1, म्हणजे साडेबारा मीटर पुढे सरकलात की एक मीटर वर. या टप्प्यात वेग ताशी 13 किलोमीटरच्या वर नाही.

भाच्याने इथे कानातले इयरफोन काढले. एरवी तो ते जेवतानाही काढत नाही.

"मावशी, आवाज बदलला ना?"

बदलला होता. या एक्स वर्गाच्या इंजिनाचा मूळ नमुना स्वित्झर्लंडमधल्या विंटरथुरच्या कारखान्याचा. अलीकडची काही इंजिनं त्याच बरहुकूम तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक वर्कशॉपमध्ये घडवली आहेत. या इंजिनाला सिलिंडर चार. दोन नेहमीच्या चाकांसाठी, दोन दातेरी चाकांसाठी. सपाटीवर दुसरी जोडी स्वस्थ बसून असते. चढ लागला की पहिल्या जोडीत काम करून बाहेर पडलेली वाफ धुरांड्याकडे न जाता आधी दुसऱ्या जोडीत जाते आणि तिथेही राबते. वडील असते तर म्हणाले असते, एका पगारात दोन पाळ्या.

आम्हाला जागा सगळ्यात पुढच्या डब्यात होती. इंजिनापासून सगळ्यात लांब, म्हणून मी आधी नाराज होते. पण तिथे ब्रेकमन होता. या गाडीच्या प्रत्येक डब्याच्या पुढच्या सज्जावर एक ब्रेकमन उभा असतो, कारण एवढ्या चढ-उतारावर नुसत्या इंजिनाच्या ब्रेकवर भरवसा ठेवत नाहीत. शिवाय ड्रायव्हर मागे, त्याला पुढचं काही दिसत नाही. सगळ्यात पुढचा ब्रेकमन हाच त्याचा डोळा. तो झेंडी दाखवतो, ती बघून मागच्या डब्यावरचा दाखवतो, मग त्याच्या मागचा, असं करत निरोप इंजिनापर्यंत जातो. आमच्या ब्रेकमनच्या डाव्या हातात ब्रेकचं चाक, उजव्या हातात गुंडाळलेली हिरवी झेंडी, आणि काखेत लाल. हिरवीचा रंग उन्हाने पार पोपटी झालेला. बोगद्यात शिरताना त्याने झेंडी छातीशी धरली आणि बाहेर पडल्यावर पहिल्यांदा मागे वळून डबे नीट येताहेत ना ते बघितलं, मग पुढे. सोळा बोगद्यांपैकी मी लक्ष ठेवलं त्या सगळ्यांत त्याने हेच केलं.

हिलग्रोव्हला गाडी पाणी प्यायला थांबते. फोटोवाल्यांची खरी दिवाळी ही. पण दार उघडताच चहाकडे वळलात तर गेलात, कारण सगळा डबा नंतर इंजिनाकडेच येतो. आधी मागे धावा, चहा नंतर. मी पोचले तेव्हा टाकीत पाणी पडत होतं. टाकी काठोकाठ भरली, पाणी वरून ओसंडलं आणि इंजिनाच्या अंगावरून खाली येता येता त्याची वाफ झाली. जमिनीवर पोचलं ते थेंब थेंब. फायरमन माझ्याकडे बघून हसला आणि हातानेच म्हणाला, मागे व्हा. कॅबच्या खाली एक बारीक शिट्टीसारखा सूं आवाज चालू होता. इंजेक्टर, म्हणजे बॉयलरमध्ये पाणी ढकलणारं यंत्र. हा आवाज मी किमान तीस वर्षांनी ऐकला. वास मात्र ओळखीचा नव्हता. इथली बरीच इंजिनं आता कोळशाऐवजी तेलावर चालतात, त्यामुळे माझ्या लहानपणीचा तो नाकात बसणारा कोळशाचा वास नाही. तापलेलं तेल आणि ओलं लोखंड, बस्स.

इथेच माकडाने भाच्याच्या हातातली चिवड्याची पिशवी नेली. त्याचंही रेकॉर्डिंग आहे, त्यात माझा आवाज ऐकण्यासारखा नाही.

आता कॅमेऱ्याबद्दल. मी पहिल्या तासात शटर 1/500 सेकंदावर ठेवून भरमसाट फोटो काढले आणि सगळ्यांत गाडी उभी असल्यासारखी दिसते. गाडीचा वेगच इतका कमी आहे की गती दाखवायची तर शटर 1/15 पर्यंत खाली आणावं लागतं आणि गाडीबरोबर कॅमेरा संथपणे फिरवावा लागतो. धावत्या एक्स्प्रेसवर हे सोपं असतं, इथे हात थरथरतो. माझे वीसात दोन आले. दुसरी अडचण म्हणजे काळपट इंजिन, गर्द हिरवं रान आणि पांढरीशुभ्र वाफ हे तिन्ही एका चौकटीत येतं. कॅमेऱ्यावर सोपवलंत तर तो रान बघून उजेड वाढवतो आणि वाफेची जागा नुसती कोरी राहते. मी उजेड दोन-तृतीयांश स्टॉप (स्टॉप म्हणजे कॅमेऱ्यातलं उजेडाचं माप) कमी करून ठेवला आणि सावल्या घरी येऊन उचलल्या. वाफ सूर्याच्या विरुद्ध बाजूने बघितली की तिच्यात जीव येतो. उन्हाकडे पाठ करून फोटो काढायची शाळेतली शिकवण इथे विसरा.

कुन्नूरला थंडी होती. लेन्सवर धुकं बसलं, दहा मिनिटं पुसत बसले. स्टेशनाला लागूनच इंजिनांची शेड आहे. परवानगीशिवाय आत सोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे, पण फलाटाच्या टोकावरून बरंच दिसतं. एक इंजिन नुसतंच वाफ धरून उभं होतं, अधूनमधून सुस्कारा टाकत. मी तिथे सव्वा तास होते. भाचा म्हणतो दोन तास.

रविवार बाहेरून फोटो काढण्यासाठी राखून ठेवला होता. सकाळची चढणारी गाडी खालच्या घाटात गाठायची, हा बेत. जीपवाल्याने आठला येतो म्हणून सांगितलं आणि सव्वानऊ झाल्यावर उगवला, वर "मॅडम, नो टेन्शन" म्हणाला. आम्ही ठरवलेल्या वळणावर पोचलो तेव्हा गाडी दरीतून वर निघून गेली होती. झाडांच्या वर धुराचा एक पट्टा तेवढा लोंबकळत होता. आवाज मात्र पुढची चार-पाच मिनिटं येत राहिला, घाटाच्या भिंतींवर आपटून कधी डावीकडून, कधी उजवीकडून. भाच्याने तेच रेकॉर्ड केलं आणि तो एकदम खूश. मी जीपवाल्याशी परत जाईपर्यंत बोलले नाही.

दुपारी उतरणारी गाडी मिळाली, आणि एक दिवस उशिरा का होईना, गणित सुटलं. इंजिन नेहमी उताराच्या बाजूला असतं, म्हणून चढताना मागे आणि उतरताना सगळ्यात पुढे. म्हणजे बाहेरून फोटो काढायचा तर उतरणारी गाडी. पण उतरताना इंजिनाला जोर लावावा लागत नाही, ते गाडीला धरून ठेवत येतं. त्यामुळे धूर जेमतेम, आवाजही नाही. चढणाऱ्या गाडीला धूर आहे, आवाज आहे, पण तोंड नाही. उतरणारीला तोंड आहे, बाकी काही नाही. दोन्ही एका फोटोत मागाल तर ही लाइन ते देत नाही.

कुन्नूर स्टेशनाजवळच्या फाटकावर मी उभी राहिले. फाटक बंद, दोन्ही बाजूंना स्कूटर, भाजीचा टेम्पो, शाळेच्या स्वेटरमधली दोन पोरं. इंजिन हळूहळू पुढे आलं आणि त्याच्याकडे कुणीही बघितलं नाही. टेम्पोवाला जांभई देत होता. तो फोटो मला फार आवडला आहे. मग जीपमध्ये बसलो (तोवर बोलणं सुरू झालं होतं) आणि खालच्या रनीमीड स्टेशनाच्या बाजूला रस्त्यावरून तीच गाडी परत पकडली. ताशी 13 किलोमीटरचा हा फायदा, जीप थांबवून, जागा शोधून, तिपाई लावूनही वेळ उरतो. रुळांवर मात्र उतरू नका. तिथे फोटोसाठी रुळांमध्ये उभा राहिलेला एक जण बघितला, दातेरी पट्टीत पाय अडकला असता तर काय झालं असतं ते त्याला कळत नसावं.

ऑक्टोबर ते डिसेंबर या दिवसांत जाणार असाल तर दुसरा बेत तयार ठेवा. तिकडचा मोठा पाऊस तेव्हाचा, दरड कोसळली की गाडी बंद, कधी एखादा दिवस, कधी बरेच दिवस. आम्ही फेब्रुवारीत गेलो, आकाश स्वच्छ होतं. फोटोसाठी जरा जास्तच स्वच्छ.

आणखी एक. परतीचं विमान कोईमतूरहून रात्री आठचं होतं. उतरणारी गाडी मेट्टुपालयमला पोचते साडेपाचच्या सुमारास, म्हणजे शेवटच्या टप्प्यात तिचा पाठलाग अर्धा सोडून आम्हाला विमानतळाकडे पळावं लागलं. कल्लारला पट्ट्या संपतात तिथला फोटो राहिलाच. तुम्ही सोमवारी पहाटेचं तिकीट काढा.