आज्जीचं गोंदण पुसणारं सॉफ्टवेअर: वर्षभर वापरल्यानंतर

गेल्या महिन्यात खात्यातून ५,६०० रुपये गेले. आदल्या दिवशी बँकेचा मेसेज आला होता, नाही असं नाही, पण त्या दिवशी मी कागलला हळदीच्या मांडवात होतो. हळदीत कोण मेसेज वाचतं? तर पोर्ट्रेट रिटचिंगच्या, म्हणजे फोटोतले चेहरे साफ करायच्या ज्या सॉफ्टवेअरची वर्गणी मला बंद करायची होती, ती आणखी एका वर्षाला चालू झाली. नाव घेत नाही. शिव्या घालताना फुकटची जाहिरात कशाला?

मागच्या नोव्हेंबरात घेतलं तेव्हा मी खूश होतो, हे आधी कबूल करतो. तुळशीचं लग्न झालं की आम्हा फोटोवाल्यांचा सीझन सुरू. बारा बाय छत्तीस इंचाचा करिझ्मा, म्हणजे लग्नाचा छापील अल्बम म्हटला की तीन-चारशे फोटोंतले चेहरे साफ करायचे, म्हणजे रात्री दोन-अडीचपर्यंत बसणं आलं. हे सॉफ्टवेअर फोल्डर दिलं की चेहरे स्वतः ओळखतं, पुटकुळ्या काढतं, डोळ्यांखालचं काळं हलकं करतं. जेवून येईपर्यंत अख्खं लग्न तयार. पहिल्या महिन्यात इथल्या, कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या दोन दोस्तांना मीच घ्यायला लावलं. ते आता माझ्याशी जरा तुटक बोलतात.

पहिल्यांदा खटकलं ते मुंडावळ्यांमुळं. गालावरून लोंबणारी मोत्यांची सर हे सॉफ्टवेअर कातडीतच धरायचं आणि गालाबरोबर मोतीही गुळगुळीत करायचं. नथीच्या मोत्यावरची चमक पण दोनदा गेली. हळदीच्या पिवळ्या चेहऱ्याला ते आजार समजायचं आणि नवरी गुलाबी करून द्यायचं. तरी मी म्हटलं, चालतंय, दहा-वीस फोटो हातानं बघू.

मग श्रावणात वडणग्याचा एक पोरगा आला. आज्जी वारलेली, भिंतीवर लावायला बारा बाय अठराची फ्रेम पाहिजे होती. मोबाइलवरचा फोटो, पण उजेड चांगला. मी नेहमीसारखा सॉफ्टवेअरमधून काढला, प्रिंट मारली, फ्रेम करून ठेवली. पोरगा आला, फ्रेम हातात घेतली, बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, “काका, ही आमची आज्जी न्हवं.”

कपाळावर भुवयांच्या मधला ठिपका आणि हनुवटीवरचे तीन ठिपके, सगळं गोंदण साफ. सॉफ्टवेअरला ते डाग वाटले. चूक माझी पण आहे. प्रिंट मारण्याआधी मूळ फोटो शेजारी लावून बघायला पाहिजे होता. पण बाई सत्तर वर्षं जे कपाळावर घेऊन जगली ते एका सेकंदात जातं आणि स्क्रीनवर साधी खूण पण येत नाही, हे काय काम झालं? त्यात तीळ राखायचा पर्याय आहे. चालू करून बघितला. काळा गोल तीळ राहतो, हिरवट पडलेलं गोंदण जातं. सफाई कमी-जास्त करायची पट्टी अगदी खाली ओढली तर गोंदण राहतं, पण मग पुटकुळ्या पण राहतात. मग पैसे कशाचे?

कंपनीला इंग्रजीत मेल केली. चार दिवसांनी उत्तर आलं की मूळ फोटो पाठवा, आमचं मॉडेल सुधारायला उपयोग होईल. म्हणजे वडणग्याची वारलेली आज्जी मी यांना शिकवायला पाठवू? नाही पाठवला. त्या पोराला फ्रेम पुन्हा करून दिली आणि दुसऱ्या प्रिंटचे पैसे घेतले नाहीत. वर्गणी परत मागितली तेव्हा तर उत्तर यायला चार तास पण लागले नाहीत: नूतनीकरणाचे पैसे परत मिळत नाहीत. पासपोर्टचे आठ फोटो मी ८० रुपयांना देतो. म्हणजे सत्तर गिऱ्हाइकांची कमाई या वर्गणीत गेली.

त्याआधी सप्टेंबरातच जिंप (GIMP) हे फोटो दुरुस्तीचं दुसरं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, तीन पॉइंट झिरोच्या पुढचं. फुकट आहे म्हणून आधी विश्वास बसत नव्हता. आमची पिढी फोटोशॉप सातवर शिकली, डाग पुसायचा हीलिंग ब्रश त्यातच पहिल्यांदा आला, २००२ साली. ती सीडी कुठून आली होती ते विचारू नका. बोटांना हीलिंग ब्रशसाठी कीबोर्डवरचं J दाबायची सवय आणि जिंपमध्ये H. पहिले आठ दिवस नुसती चिडचिड.

पण मेनूत फिल्टर्स, त्यात एन्हान्स, त्यात वेव्हलेट डिकंपोज हे फोटो थरांत फोडणारं फिल्टर सापडलं आणि माझं मत फिरलं. फोटोचे पाच थर आणि खाली एक उरलेला, असे सहा लेयर होतात. वरच्या एक-दोनमध्ये कातडीची बारीक छिद्रं आणि केस, चार-पाचमध्ये डोळ्यांखालचे काळे पट्टे आणि चट्टे. चौथ्या-पाचव्यावर लॅसोनं, म्हणजे भोवती रेघ ओढून, तेवढा भाग निवडून थोडा ब्लर द्यायचा, छिद्रांना हात लावायचा नाही. चेहरा उजळतो पण मेणाचा होत नाही. गोंदण निवडीच्या बाहेर ठेवलं की संपलं.

हे करताना आमचे वडील आठवले. खिडकीशी तिरपी काच, त्यावर निगेटिव्ह, डोळ्याला भिंग आणि सुईसारखी टोकदार पेन्सिल. सुरकुती निगेटिव्हवर पातळ दिसते. तिथं पेन्सिलीचे बारीक ठिपके भरले की प्रिंटमध्ये ती फिकी होते. एका चेहऱ्याला तास-तास जायचा. पण समोरच्या बाईच्या हनुवटीवर काय आहे हे त्यांना माहीत असायचं, कारण बाई काउंटरला उभी असायची.

जिंपच्या अडचणी पण सांगतो. आठ जीबी रॅमवर चोवीस मेगापिक्सेलचा फोटो सहा थरांत फोडला की मशीन धापा टाकतं. बारा बाय अठरा इंचाच्या प्रिंटला ३,६०० बाय ५,४०० पिक्सेल पुरतात, आधी तेवढा करून घ्या. सीएमवायकेचं, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगांचं काम फोटोशॉपसारखं नाही, त्यामुळं फ्लेक्सवाला कुरकुरतो. आणि एका चेहऱ्याला पंधरा मिनिटं म्हणजे पंधरा मिनिटं. चारशे चेहऱ्यांचा हिशोब तुम्हीच करा.

म्हणून खरं सांगायचं तर ते पैसेवालं सॉफ्टवेअर मी अजून वापरतो. ५,६०० गेलेत, सोडतो होय? पंगतीचे, स्टेजवरचे, पन्नास माणसांचे ग्रुप फोटो त्यातून काढतो. तिथं कुणाचं गोंदण दिसत नाही. जवळून घेतलेला चेहरा आणि साठीच्या वरचं माणूस मात्र जिंपमध्ये. ऑटो-पे बंद केलंय. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन दोनदा बघितलं.

परवा गंगावेशीकडचा एक पैलवान आला. कुस्तीनं दोन्ही कान फुटून गोळा झालेले. मी आधीच सांगितलं, “पैलवान, काळजी करू नका, कान आहेत तसे ठेवतो, शान आहे ती.” तो लाजला. म्हणाला, “न्हाई ओ काका, लग्नाच्या बायोडाट्याला पाहिजे. कान तेवढं सरळ करा.”

म्हटलं, चला, आज त्या सॉफ्टवेअरला मनासारखं काम मिळालं. फोटो टाकला, सगळ्या पट्ट्या शंभरवर नेल्या. गाल गुळगुळीत, दात पांढरे, मिशी सुद्धा मऊ केली. आज्जीचं गोंदण न विचारता पुसणाऱ्यानं पैलवानाच्या कानाला काही हात लावला नाही. जिंपमध्ये क्लोन, म्हणजे एका जागेचा तुकडा दुसरीकडं उतरवायचं टूल, घेऊन बसलोय. डावा झाला, उजवा उद्या.