आयडी-आर्ट ॲप: फोनमध्ये असावं, पण त्याच्या ‘सापडलं नाही’वर पैसे मोजू नयेत

चोर बाजारातून किंवा लिलावातून जुनी युरोपीय चित्रं घेणाऱ्याच्या फोनमध्ये इंटरपोलचं आयडी-आर्ट असायलाच हवं. २०२१ साली आलं, फुकट आहे, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालतं. मागे इंटरपोलची चोरीच्या कलावस्तूंची यादी आहे, ५०,००० हून जास्त नोंदींची. पूर्वी ती बघायला अर्ज करावा लागे. आता फोटो काढायचा आणि शोधायचं. मराठी-हिंदी नाही, इंग्रजीवर भागवावं लागतं.

फोटो नीट नसेल तर ॲपला दोष देऊ नका. चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटच्या दुकानात ट्यूबलाइटची तिरीप वार्निशवर पडते आणि चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग येतो. चित्र दाराशी, सावलीच्या उजेडात आणायला सांगा. काच असेल तर काढून घ्या. फोन चित्राला समांतर धरा आणि फ्रेम वगळून फक्त चित्र घ्या. तरीही काही आलं नाही, तर वस्तूचा प्रकार आणि चित्रकाराचं नाव टाकून हाताने शोधा.

मापाचा घोळ ठरलेला. आपल्याकडे दुकानदार इंचात सांगतो, तेही फ्रेमसकट. युरोपातल्या नोंदी सेंटिमीटरमध्ये, फ्रेमशिवाय आणि आधी उंची मग रुंदी अशा असतात. क्राकोहून नाझींनी नेलेलं आणि १९४५ पासून बेपत्ता असलेलं राफाएलचं तरुणाचं चित्र ७२ × ५६ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम २८ × २२ इंच. फ्रेमसकट मोजलं तर ते कुठल्याच नोंदीशी जुळायचं नाही. (ते इथे मिळेल या आशेवर मात्र राहू नका, त्याच्या छापील प्रती ढिगाने आहेत. शिवाय मूळ चित्र लाकडी फळीवर आहे, कापडावर नाही.)

खरी अडचण पुढे आहे. इंटरपोलच्या यादीत वस्तू जाते ती सदस्य देशांच्या पोलिसांकडून किंवा मोजक्या मान्यताप्राप्त संस्थांकडून, आणि नक्की ओळख पटेल इतका तपशील असेल तरच. १९४० च्या दशकात ज्या घराचा मालकच छावणीत मारला गेला, त्याची तक्रार कोण नोंदवणार? म्हणून दुसऱ्या महायुद्धातल्या मालाबाबत या ॲपचा नकार म्हणजे दाखला नव्हे.

त्यासाठी इतर दोन ठिकाणं आधी बघावीत, दोन्ही फुकट. एक, जर्मनीत माग्डेबुर्गहून चालणारा लॉस्ट आर्ट डेटाबेस. त्यात हरवल्याच्या आणि सापडल्याच्या अशा दोन्ही नोंदी आहेत. दुसरा, पॅरिसच्या ज्यू द पोम इमारतीत नाझी नेता रोझेनबर्गच्या पथकाने जमवलेल्या लुटीचा: ४०,००० हून जास्त वस्तू. फोटो सगळ्यांना नाहीत. काही ठिकाणी नुसतं ‘निसर्गदृश्य’ एवढंच. तिथे चित्रकाराच्या नावापेक्षा विषय आणि माप कामाला येतं, कारण कुणाचं चित्र हे मत पन्नास वर्षांत बदलतं.

आणि चित्र उलटं करा. त्या पथकाने मालकागणिक खुणा घातल्या: रोथशिल्ड कुटुंबाच्या वस्तूंना रोमन ‘आर’ आणि पुढे आकडा, मालक अज्ञात असेल तर ‘यूएनबी’. असा शिक्का, आकडा, फाटकं लेबल दिसलं की सुटा फोटो घ्या. मुंबईत नेमका हाच पुरावा आधी जातो. मागची लाकडी चौकट वाळवीने खाल्लेली असते, फ्रेमवाला नवी ठोकतो आणि जुनी कचऱ्यात. कापड सैल झालं म्हणून मागून दुसरं चिकटवलं, की आकडा कायमचा झाकला. जुनं चित्र आणि कोरी करकरीत चौकट असं दिसलं, तर जुनी कुठे गेली ते विचारायचं.

इराक-अफगाणिस्तानच्या छोट्या वस्तूंसाठी फोटोशोधावर फार भिस्त नको. २००३ मध्ये बगदादच्या संग्रहालयातून सुमारे १५,००० वस्तू गेल्या, त्यात दंडगोल मुद्रा (मातीवर फिरवून ठसा उमटवायचे शिक्के) हजारोंनी. मुद्रा बोटाच्या पेराएवढी. एका फोटोत तिची एकच बाजू येते, आणि संग्रहालयं नोंद ठेवतात ती बऱ्याचदा मातीवर उमटवलेल्या ठशाची. शिवाय बेकायदा खणून काढलेली वस्तू कुठल्याच यादीत नसते. इथे आयकॉमच्या, म्हणजे संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या, रेड लिस्ट बघाव्यात. त्यात हरवलेल्या वस्तू नसतात, धोक्यातले प्रकार असतात.

ॲपमधली सर्वात दुर्लक्षित सोय म्हणजे स्वतःच्या संग्रहाची यादी. ऑब्जेक्ट आयडी या कलावस्तू नोंदवायच्या ठरलेल्या पद्धतीने माप, साहित्य, अक्षरं, ओरखडे, फोटो भरून ठेवा. चोरी झालीच, तर पोलिसांना ‘एक जुनं चित्र होतं’ याहून जास्त काही देता येईल.

जुळणी सापडली तर दुकानदाराशी वाद घालू नका, बयाणा देऊ नका. स्क्रीनशॉट, दोन्ही बाजूंचे फोटो आणि दुकानाचा पत्ता घेऊन पोलिसांकडे जा. भारतात इंटरपोलचा दुवा सीबीआय आहे. ॲपला माझे गुण: सध्याच्या चोऱ्यांसाठी पाचपैकी चार, महायुद्धातल्या लुटीसाठी दोन.