काम मिळवून देणाऱ्या माणसांना काय पाठवावं? बाळीवेशीतल्या शेंगा चटणीचा दोन वर्षांचा अनुभव

मी सोलापुरात घरूनच भाषांतराचं काम करते. मराठी, कन्नड आणि इंग्रजी. पंपांच्या आणि शेती अवजारांच्या माहितीपुस्तिका, ॲपमधला मजकूर, अधूनमधून एखाद्या कंपनीचं प्रशिक्षण साहित्य. जाहिरात अशी कधी केली नाही. दहा कामांतली सात-आठ तरी कुणीतरी कुणाला माझा नंबर दिला म्हणून येतात. त्या माणसांचे आभार कसे मानायचे हे शिकायला मला बरीच वर्षं लागली. आता दोन वर्षं एकच गोष्ट पाठवतेय: बाळीवेशीतल्या एका काकूंच्या घरगुती भाकरी केंद्रातली शेंगा चटणी आणि कडक भाकरी. आजवर एकतीस डबे गेले. माझ्यासारखी एकट्याने कामं करणारी बरीच जणं हाच प्रश्न विचारतात, म्हणून हे सविस्तर परीक्षण लिहितेय.

आधी चटणीबद्दल. सोलापुरात शेंगा चटणी गल्लोगल्ली मिळते, पण कुठे नुसतं तिखट घातलेलं कूट मिळतं आणि कुठे चटणी, हे जिभेला लगेच कळतं. काकू दाणे मंद आचेवर भाजतात, सालं पाखडून काढतात आणि मग लसूण, जिरं, मीठ, तिखट घालून उखळात कुटतात. मिक्सरमध्ये दाण्यांचा भुगा होतो. उखळात कुटताना दाण्याचं तेल सुटतं आणि चटणी ओलसर, गोळा होईल अशी होते. एकदा मी समोर बसून पाहिलं. काकूंनी चिमूटभर चटणी दोन बोटांत दाबली, माझ्यासमोर धरली आणि म्हणाल्या, "बघ, बोट चमकतंय का? चमकलं की झाली." त्यांच्या बोटाला खरंच लालसर तेल लागलं होतं. वरून तेलाचा थेंबही घातलेला नव्हता.

भाकरी मालदांडी ज्वारीची, मंगळवेढ्याकडून येणारी. तिथल्या काळ्या जमिनीतल्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही आहे. भाकरी पापडासारखी पातळ थापतात, वर तीळ लावतात, तव्यावर भाजून झाली की मंद आचेवर पाणी पूर्ण सुकेपर्यंत ठेवतात. मोडली की कट्कन आवाज येतो. चटणी, दही आणि ही भाकरी, बाकी काही लागत नाही. पुण्या-मुंबईत राहणाऱ्या सोलापूरकराला हा डबा पाठवला तर फोनवर पहिली दोन मिनिटं कामाचं बोलणंच होत नाही.

मला पडलेला खर्च सांगते: चटणी अर्धा किलो 180, दहा भाकऱ्या 90, खोका आणि कागद 25, पुण्याला कुरिअर 110. एकूण 405 रुपये. एवढ्या खर्चात समोरच्याला अवघडल्यासारखं होत नाही आणि माझ्या खिशालाही झेपतं.

इथवर पोचायच्या आधी मी काय काय केलं तेही सांगायला हवं, नाहीतर चटणीचं महत्त्व कळायचं नाही.

सुरुवातीला टक्केवारी. संगणकावर छपाईची पानं लावून देणाऱ्या ओळखीच्या एका डीटीपीवाल्यांना मी म्हटलं, तुमच्याकडून जे काम येईल त्याचे दहा टक्के तुमचे. त्यांनी एक यंत्र कंपनी पाठवली. साठ हजार शब्दांचं काम, 1 रुपया 80 पैसे दर, बिल 1,08,000. म्हणजे त्यांचे 10,800. कंपनीने पैसे चार महिन्यांनी दिले. त्या चार महिन्यांत त्यांचे तीन फोन आले, "ताई, झालं का काही?" पैसे माझ्याच हातात आले नव्हते, पण माझा आवाज मात्र देणं थकलेल्या माणसासारखा झाला होता. त्याहून वाईट गोष्ट पुढे घडली. कंपनीतल्या साहेबांना या टक्केवारीचा सुगावा लागला आणि पुढच्या कामाच्या वेळी ते सरळ म्हणाले, "मग ते दहा टक्के आम्हालाच कमी करा की." यात त्यांचं काय चुकलं? त्यांना वाटलं होतं, ओळखीच्या माणसाने चांगलं काम करणारी बाई सुचवली. आता वाटलं, त्याने दलाली खाल्ली. माझ्या कामाची प्रत तीच होती, पण माझ्या नावाची किंमत त्या दिवशी उतरली. डॉक्टरांच्या 'कट प्रॅक्टिस'वर, म्हणजे रुग्ण पाठवल्याबद्दल घेतल्या-दिल्या जाणाऱ्या टक्क्यावर, आपल्याकडे एवढं बोललं जातं, 2017 मध्ये राज्य सरकारने त्याविरुद्ध कायद्याचा मसुदाही करवून घेतला होता. रुग्णाला जे टोचतं तेच माझ्या ग्राहकालाही टोचणार, हे मला आधी सुचायला हवं होतं.

ज्यांचा धंदाच कामं आणून देण्याचा आहे, त्यांच्याशी टक्केवारी ठरवणं वेगळं. भाषांतर संस्थांना त्यांचा वाटा मिळतोच आणि ग्राहकालाही ते ठाऊक असतं. पण मैत्रीखातर नंबर देणाऱ्याला टक्का देऊ केला की त्या मैत्रीचा हिशेब सुरू होतो.

मग आमच्या ओळखीच्या सीए दादांनी दोन ग्राहक पाठवले, तर मी त्यांना यूपीआयने 2,000 रुपये टाकले. संध्याकाळी तेवढेच परत आले. त्यांनी फोन करून समजावून सांगितलं, "आम्हा सीएंना दुसऱ्याच्या व्यावसायिक कमाईतला हिस्सा घेता येत नाही. आमच्या 1949 च्या कायद्यातच तसं आहे. तू मनावर घेऊ नकोस, पण परत असं करू नकोस." मी खूप खजील झाले. चांगल्या भावनेने पाठवलेले पैसे समोरच्याला अडचणीत आणू शकतात, हे तोवर डोक्यातच आलं नव्हतं. त्यानंतर मी आधी विचारते. सरकारी कार्यालयातल्या, बँकेतल्या किंवा मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागातल्या ओळखीच्यांना डबासुद्धा पाठवत नाही, फक्त पत्र. भेटवस्तू घेण्याबाबत त्यांच्यावर नियम असतात.

तिसरा प्रयोग गिफ्ट कार्डाचा. कॉलेजात शिकवणाऱ्या एका मॅडमना मी एका कंपनीचं 1,000 रुपयांचं कार्ड ईमेलने पाठवलं. ते त्यांच्या नको असलेल्या मेलच्या ढिगात गेलं. मुदत होती सहा महिने. वर्षभराने बोलता बोलता विषय निघाला तेव्हा त्यांनी शोधलं आणि सापडलं तेव्हा ते मेलेलं होतं. कंपनीकडे विचारलं तर मुदतवाढ नाही, परतावा नाही. माझे हजार गेले याचं वाईट वाटलंच, पण वर्षभर मॅडमना वाटत असणार की मी साधे आभारही मानले नाहीत, याने मला दोन रात्री झोप लागली नाही.

चटणीचा डबा असा हरवत नाही. दारावर येतो, सही करून घ्यावा लागतो, घरात उघडला की लसणाचा वास सुटतो. आणि तो एकट्या माणसाचा राहत नाही, घरातले सगळे खातात. आमच्या एका जुन्या ग्राहकाच्या आईंनी मला स्वतः फोन करून विचारलं, "कुठली गं बाई ही चटणी?" त्या माझ्या कामाबद्दल काहीच जाणत नाहीत, पण माझं नाव त्यांना पाठ आहे.

आता डब्याच्या अडचणी, कारण त्या आहेत.

पहिलं म्हणजे पॅकिंग. काकूंची साधी प्लास्टिकची पिशवी घरी नेण्यापुरती ठीक आहे, कुरिअरला नाही. चौथा की पाचवा डबा मुंबईत पोचला तो तेलाने भिजलेला, आतलं माझं पत्र पारदर्शक झालेलं. तेव्हापासून मी आटीचं झाकण असलेली बरणी स्वतः नेते, झाकणाखाली कागद लावते आणि भाकऱ्या जाड पुठ्ठ्याच्या दोन चकत्यांमध्ये बांधते. तरी दहातल्या दोन मोडतातच. मोडलेलीही खाता येते, म्हणून मी तो विषय सोडला. पुण्याचा डबा असेल आणि कुणी ओळखीचं सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने निघालं असेल तर त्यांच्याच हाती देते. त्या भाकऱ्या मात्र सगळ्या सलग पोचतात.

दुसरं, तारीख. आधी पुड्यावर कुटल्याची तारीख नसायची. मी दोनदा विनंती केली तेव्हापासून काकू पेनाने लिहून देतात. खाद्यपदार्थ विकण्याच्या नोंदणी क्रमांकाचं लेबल त्यांच्याकडे आधीपासून आहे.

तिसरं, उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा 42-43 ला टेकतो आणि दाण्याच्या तेलाला खवट वास यायला वेळ लागत नाही. त्या दोन महिन्यांत मी चटणी पाठवत नाही, चाटी गल्लीच्या कापडबाजारातून टेरी टॉवेलची जोडी घेऊन पाठवते. आणि ज्यांनी वर्षभर टिकणारा ग्राहक दिला त्यांना सोलापुरी चादर. अशा चादरी आतापर्यंत तीनच दिल्या.

चौथं सगळ्यात महत्त्वाचं: शेंगदाण्याची ॲलर्जी असते, ती जिवावर बेतू शकते. पाठवण्याआधी फोनवर विचारल्याशिवाय एकही डबा जात नाही. जैन घर असेल किंवा चातुर्मास पाळणारं असेल तर बिनलसणाची सांगावी लागते. काकू ती वेगळी कुटून देतात, पण एक दिवस आधी सांगायला हवं. पहिल्यांदा मी सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "कुणाला पाठवायलीस गं एवढं?" मी म्हटलं, ज्यांनी मला काम मिळवून दिलं त्यांना. त्यांनी वजनकाट्यावर आणखी एक मूठ टाकली आणि तिचे पैसे घेतले नाहीत.

डबा कधी पाठवायचा यावर मी बराच विचार केला. काम पक्कं झाल्यावर नाही, बिलाचे पैसे आल्यावर तर नाहीच. नव्या ग्राहकाचा फोन आला आणि "अमक्यांनी तुमचा नंबर दिला" असं तो म्हणाला की त्याच आठवड्यात. काम मिळो न मिळो. त्याच कॉलेजातल्या मॅडमनी एकदा एका वकिलांना माझ्याकडे पाठवलं. कोर्टाचे कागद होते, तो माझा प्रांत नाही, म्हणून मी ते काम दुसऱ्या भाषांतरकार ताईंकडे दिलं. डबा तरीही गेला. मॅडमनी त्यांचं काम केलं होतं ना. नंबर देताना माणूस स्वतःची पत पणाला लावतो. उद्या मी वाईट काम केलं तर लोक आधी त्यांना नावं ठेवणार.

डब्यात हाताने लिहिलेलं पत्र असतंच, चार-पाच ओळींचं. "तुम्ही पाठवलेल्या मंडळींशी बोलणं झालं. पुस्तिका चौऱ्याऐंशी पानांची आहे, महिनाअखेर देणार आहे. त्यांना तुमचा फार आदर आहे." असं काहीतरी. रक्कम कधीच लिहीत नाही, कामाचा तपशील ग्राहकाला विचारल्याशिवाय लिहीत नाही. पुढे ते काम संपलं की फोनवर एक मेसेज: झालं, वेळेत झालं. शिफारस करणाऱ्याला पुढे काय झालं हे कुणी कळवतच नाही, असं मला निदान चार जणांनी बोलून दाखवलंय. एकांनी तर चटणी संपल्यावर ती रिकामी बरणी आणि माझं पत्र दोन्ही ठेवलंय. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा बरणीत मेथ्या होत्या आणि पत्र फ्रीजवर चुंबकाने लावलेलं होतं.

हिशेबासाठी एक वही केली आहे: कोणी पाठवलं, कोणाला पाठवलं, फोन कधी आला, डबा कधी गेला, लसूण चालतो का. पावत्या मी त्याच वहीत चिकटवते, वर्षअखेरीस धंद्याच्या खर्चात दाखवायला बऱ्या पडतात.

काकूंच्या केंद्राला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण पॅकिंगचा आणि दुपारी फोन न उचलण्याचा. चवीला पाचपैकी पाच. बाळीवेशीत सकाळी दहाच्या आत गेलात तर आदल्या संध्याकाळी कुटलेली मिळते. जाडसर हवी असेल तर तसं सांगा, न सांगता बारीक मिळते. जानेवारीत सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत मागणी इतकी असते की चार दिवस आधी सांगावं लागतं. बरणी तुमची न्या, धुऊन पूर्ण कोरडी करून. पाण्याचा अंशही राहिला तर चटणीला बुरशी धरते.

बत्तिसावा डबा उद्या निघतोय, बार्शीला, बिनलसणाचा.