१४ इंची, १८ इंची की जुना बिडाचा? घरच्या सुतारकामासाठी मोठा बँड सॉ निवडताना

माझ्या बाकावर मी एक फळी मुद्दाम ठेवली आहे. दहा इंच रुंदीच्या सागातून चिरून काढलेली. वरची आणि खालची कड मोजली तर सहा मिलिमीटर भरते, मध्ये मात्र जेमतेम दोन. अंगठ्याने दाबलं की मधला भाग लवतो. चिरताना वरून काहीच कळलं नव्हतं. पातं रेघेवर चाललं होतं, आवाजही नेहमीचाच होता. फळी पुस्तकासारखी उघडली तेव्हा दिसलं, की लाकडाच्या पोटात पातं पिंपासारखा बाक घेऊन गेलं होतं. तो १४ इंची बँड सॉ होता, म्हणजे वर-खाली दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीसारख्या पात्याची यंत्रकरवत. चाकं पेलणाऱ्या खांबात ठोकळा घालून उंची वाढवलेला, आणि पातं अर्धा इंची. माहितीपत्रकात कापाची उंची १२ इंच लिहिली होती आणि ती खोटी नव्हती. १२ इंचाचं लाकूड गाईडखाली, म्हणजे पातं जागेवर धरणाऱ्या भागाखाली, बसत होतं. ते सरळ चिरलं जाईल, असं मात्र कुठे लिहिलेलं नव्हतं.

म्हणून मोठा बँड सॉ घेऊ म्हणणाऱ्याला मी आधी एवढंच विचारतो: किती उंचीचं लाकूड उभं चिरणार, आणि किती वेळा? कधीमधी पाच-सहा इंच, की दर पंधरा दिवसांनी दहा-बारा इंच? चाक, मोटर, जागा या सगळ्याचा निकाल या उत्तरावरून लागतो.

चाकाचा आकडा काय सांगतो

बँड सॉचा इंचातला आकडा म्हणजे चाकाचा व्यास. पातं आणि खांब यांच्यामधली जागा त्याहून थोडी कमी, म्हणजे १४ इंचीवर साधारण साडेतेरा इंच. ही जागा मोठी दिसते म्हणून लोक भुलतात, पण घरच्या कामात ती क्वचितच अडवते. मोठ्या चाकाचा खरा फायदा पात्याला होतो, कारण त्याला सौम्य वळण मिळतं.

सॉ चालू असताना पात्याचा प्रत्येक भाग मिनिटाला साडेसहाशेच्या वर वेळा वाकतो आणि सरळ होतो. ०.९ मिमी जाडीचं पातं १४ इंची चाकावरून वळताना त्याच्या बाहेरच्या पृष्ठावर सुमारे ५०० मेगापास्कल ताण येतो, १८ इंचीवर तो ३९० च्या आसपास उतरतो. स्क्रू फिरवून आपण देतो तो ताण याच्यावर वेगळा. त्यामुळे जाड पातं छोट्या चाकावर लवकर थकतं आणि दातांच्या खोबणीत किंवा वेल्डपाशी तडकतं. १४ इंचीवर ०.६ मिमीच्या आसपासचं पातं बरं, १८ इंचीवर ०.९ मिमी निर्धास्त चालतं. ही अडचण यंत्राइतकीच जुनी आहे. विल्यम न्यूबेरी यांना बँड सॉच्या कल्पनेचं ब्रिटिश पेटंट १८०९ मध्ये मिळालं, पण चाकांवर टिकेल असं पातं आणि त्याचा सांधा तेव्हा जमत नव्हता. १८४६ मध्ये फ्रान्समध्ये अ‍ॅन पॉलिन क्रेपँ यांनी टोकं जोडण्याच्या पद्धतीसाठी पेटंट मागितलं, पॅरिसच्या पेरँ कंपनीने ते हक्क घेतले, आणि मग कुठे यंत्र चालीला लागलं.

दुसरी गोष्ट सांगाड्याची. अर्धा इंची, ०.६ मिमी जाडीच्या पात्याला नीट ताण दिला तर वरच्या चाकावर साधारण १५० किलोचा भार येतो. एक इंची, ०.९ मिमी जाडीच्या पात्याला उंच चिरकामाचा ताण दिला तर तोच भार ६०० किलोच्या घरात जातो. चौपट भार खांबाने न वाकता पेलायचा आहे. खांब किंचित जरी लवला तरी वरचं चाक खालच्याच्या रेषेतून सुटतं आणि पातं भरकटायला लागतं. माझ्या त्या फळीतला बाक इथून आला होता: पातं अरुंद, ताण कमी, आणि ताण वाढवायला गेलो तर सांगाडाच लवत होता.

१४ इंची: दोन जातींचा

जुन्या घडणीचा १४ इंची सॉ बिडाचा असतो. खांब दोन तुकड्यांचा, बोल्टने जोडलेला. मुळात कापाची उंची सहा इंच आणि पात्याची लांबी साडेत्र्याण्णव इंच. मध्ये सहा इंचांचा ठोकळा घातला की उंची १२ इंच होते आणि पातं १०५ इंचांचं लागतं. सहा इंचांपर्यंत हा सॉ फार गुणी आहे. त्याची पाती सहज मिळतात, वजन शंभर-सव्वाशे किलोच्या आत राहतं, आणि नक्षीच्या, वळणाच्या कामाला तो हलका वाटतो. ठोकळा घातल्यावर मात्र खांब उंच झाला, सांधे वाढले, पण पात्याला ताण देणारी स्प्रिंग आणि मोटर तीच राहिली. सहा इंची सॉला बारा इंचांचं काम सांगितलं, एवढाच त्याचा अर्थ. ठोकळ्यावर खर्च करण्याच्या बाजूने मी नाही.

आता याच आकाराचे पोलादी सॉ मिळतात. पत्रा वाकवून, वेल्ड करून केलेला पेटीसारखा अखंड खांब, दहा ते तेरा इंचांची उंची, दीड-पावणेदोन हॉर्सपॉवरची मोटर. ठोकळेवाल्या बिडाच्या सॉपेक्षा हा केव्हाही सरस. पाऊण इंची पातळ पातं लावून आठ-नऊ इंच नेमाने चिरता येतं, घाई केली नाही तर. जागा कमी असेल आणि वर्षातून चार-पाच वेळाच रुंद फळी चिरायची असेल, तर इथेच थांबावं. पुढच्या आकाराचा मोह धरू नये.

१७-१८ इंची पोलादी

दर महिन्याला रुंद फळ्या चिरणाऱ्याने मात्र सरळ हा घ्यावा. खांब जाड, कापाची उंची बारा इंच आणि बऱ्याच नमुन्यांत त्याहून जास्त, मोटर दोन ते तीन हॉर्सपॉवर, पात्याचा वेग मिनिटाला बारा-तेराशे मीटर. १४ इंचीचा वेग साधारण नऊशेच्या आसपास असतो. दहा इंच लाकडात हा फरक हाताला जाणवतो. छोट्यावर फळी ढकलताना मोटरचा आवाज खाली येतो, हात थांबतो, भुसा खोबणीत अडकतो, पातं तापतं. मोठ्यावर फळी एका चालीने पुढे जाते आणि कापाचा पृष्ठभाग रंध्याच्या दोन-तीन हातांत साफ होतो. एका जाड फळीतून एक जादा पातळ फळी निघते, ती या सरळपणामुळेच.

तोटे खरे आहेत. वजन दोनशे किलोच्या आसपास किंवा वर, उंची जवळजवळ माणसाएवढी किंवा जास्त. दारातून आत कसा येणार हे आधी टेपने मोजावं. चाकांचा गाडा खाली घेतला तर कापताना तो टेकलेला आणि घट्ट हवा. सहा मिमीचं पातं लावता येतं असं लिहिलेलं असतं आणि ते लागतंही, पण एवढ्या मोठ्या चाकांवर ते सांभाळून जागेवर आणायला वेळ जातो. सहा मिमीचं पातं साधारण १६ मिमी त्रिज्येत वळतं, १२ मिमीचं ६३ मिमीत, एक इंची तर १८० मिमीच्या आसपास. ज्याच्या कामात वळणं आणि उंच चिरकाम दोन्ही रोजचं आहे, त्याची पाती बदलण्यातच संध्याकाळ जाते. अशांना मी छोटा जुना १० किंवा १२ इंची सॉ वळणांसाठी ठेवायला सांगतो, आणि मोठ्यावर रुंद पातं कायमचं.

२० इंची नवा सॉ घरात क्वचितच लागतो. १८ इंचीपुढे मिळणारा फायदा खरा आहे, पण मोटर, वजन, पात्याची लांबी सगळंच त्याच्याबरोबर वाढतं.

जुना बिडाचा २४ किंवा ३० इंची

कारखान्यातून निघालेला जुना बिडाचा सॉ पाहिला की सुतारकाम करणाऱ्याचं मन वितळतं, माझंही. एका अखंड ओतीव सांगाड्याचा खांब, जड चाकं, कंप जवळजवळ नाहीच. टेबलावर नाणं उभं करून सॉ चालू करता येतो, इतकी शांत चाल मी पाहिली आहे. पण हे यंत्र घेणं म्हणजे आधी काही महिने यंत्रदुरुस्ती आणि मग सुतारकाम. ती आवड असेल तर याच्यासारखा सौदा नाही, नसेल तर गॅरेजचा अर्धा कोपरा अडून बसतो.

पाहायला गेल्यावर सांगाडा आणि चाकं आधी बघा. बिडाला गेलेला तडा रंगाखाली लपतो, म्हणून चाकाच्या आऱ्यांपाशी आणि टेबलाच्या बैठकीपाशी बोट फिरवा, लाकडाच्या हातोडीने हलकेच ठोका. भरीव नाद यावा, फुटक्या भांड्यासारखा नको. चाक हाताने पुढे-मागे हलवून बेअरिंगचा खेळ पाहा. फार जुन्या यंत्रांत बॉल बेअरिंगऐवजी मऊ मिश्रधातूची ओतीव बेअरिंग असतात. ती वाईट नसतात, पण त्यांना रोज तेल लागतं आणि झिजली तर ओतणारा कारागीर शोधावा लागतो. चाकांवर चढवलेले रबरी टायर कडक झालेले असतील तर त्याने घाबरू नका, ते बदलता येतात.

मोटर बहुतेक वेळा थ्री फेज असते. मोटरवरच्या पाटीवर दोन व्होल्टेज लिहिलेली असतील आणि खालचं २३० च्या आसपास असेल, तर जोडणी डेल्टात (मोटरची तीन वेटोळी त्रिकोणात) करून व्हीएफडीने, म्हणजे सिंगल फेजमधून थ्री फेज तयार करणाऱ्या उपकरणाने, ती सिंगल फेजवर चालवता येते. पाटीवर एकच, ४०० च्या आसपासचा आकडा असेल तर मोटर बदलण्याचा खर्च आधी धरा. आणि या जड चाकांना बंद केल्यावर थांबायला बराच वेळ लागतो. पायाचा ब्रेक नसेल तर बसवून घ्या. बटण दाबल्यावर सॉ शांत वाटतो, पण पातं अजून कापतच असतं.

मोटर, गाईड आणि बाकीचं

दहा इंच टणक लाकडासाठी दोन हॉर्सपॉवरच्या खाली जाऊ नये. तीन हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर पूर्ण भारावर बारा-पंधरा अँपिअर घेते आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. तिला स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र ब्रेकर हवाच.

गाईड बेअरिंगचे की सिरॅमिकचे, यावर लोक तासन्‌तास बोलतात. मला फरक जाणवला तो गाईड धरणाऱ्या दांड्याचा. दांडा वर-खाली करताना पात्याला समांतर राहिला पाहिजे. तो तिरका जात असेल तर दर वेळी गाईड नव्याने लावावे लागतात. गुनिया टेबलावर ठेवून दोन्ही टोकांना तपासा.

भुशासाठी टेबलाच्या लगेच खाली आणि खालच्या चाकाच्या पेटीत, अशी दोन तोंडं असलेला सॉ निवडा. लाकडाची धूळ हा कर्करोगाचा सिद्ध धोका मानला जातो, आणि उंच चिरकामात बारीक धूळ भरपूर निघते.

फळी पुढे-मागे सरकवायला जागा लागते हे विसरू नका. आठ फुटी फळी चिरायची तर पात्याच्या पुढे आठ आणि मागे आठ फूट मोकळे हवेत.

पैसे कुठे अडत असतील तर यंत्राचा एक आकार खाली या, पण पात्यात काटकसर करू नका. चिरकामाला इंचाला दोन किंवा तीन दात असलेलं, हुक म्हणजे पुढे झुकलेल्या दातांचं, धारदार पातं हवं. बारीक दातांच्या पात्याने महागडा १८ इंचीसुद्धा बाक घेतो, कारण भुशाला खोबणीत जागाच उरत नाही.

आणि एक चाचणी विकत घेण्याआधी करून पाहा. तुम्ही वापरणार ते सर्वात रुंद पातं सॉवर चढवायला सांगा, वीज बंद ठेवा. पातं नुसतं सरळ होईल इतकंच ताणा. डिजिटल कॅलिपर १२५ मिमी उघडून त्याचे दोन्ही जबडे छोट्या क्लॅम्पने पात्यावर घट्ट धरा आणि आकडा शून्यावर आणा. मग ताण वाढवत जा. ०.१ मिमी वाढ दिसली की पात्यात साधारण १६० मेगापास्कल ताण आला, उंच चिरकामाला तेवढा पुरतो. त्याच वेळी वरच्या स्प्रिंगकडे पाहा. ०.१ मिमी येण्याआधीच तिची वेटोळी एकमेकांना टेकली, किंवा वरचं चाक रेषेतून हललं, तर माहितीपत्रकात काहीही लिहिलेलं असो, त्या रुंदीचं पातं त्या सॉचं नाही.