काकाओटॉक: पिवळ्या आकड्याची ताकद आणि एकाच दाराची जोखीम

दक्षिण कोरियात निरोप द्यायला सांगताना 'काटोक कर' असंच म्हणतात. काटोक म्हणजे काकाओटॉक, निरोप आणि गप्पांचं अ‍ॅप. पाच कोटींहून थोड्या जास्त वस्तीच्या या देशात जवळपास प्रत्येक स्मार्टफोनवर हे अ‍ॅप असतं. तेव्हा ते घ्यावं की नाही, हा प्रश्न तिथे उरलेला नाही. कसं वापरावं आणि कुठे जपावं, हे मात्र नीट माहीत हवं.

किम बॉम-सू यांच्या कंपनीने मार्च २०१० मध्ये ते आयफोनवर आणलं. तेव्हा एका एसएमएसला २० वॉन (कोरियाचं चलन) पडत. काकाओटॉकवर निरोप फुकट, नोंदणी नुसत्या मोबाइल नंबरावर, आणि फोनमधली ओळखीची माणसं आपोआप यादीत. साधारण वर्षभरात एक कोटी लोक आले. ही आपोआप भरणारी यादी आजही आहे. जुना घरमालक, दुकानदार, कार्यालयातले साहेब असे सगळे त्यात येऊन बसतात, म्हणून नोंदणी झाल्या झाल्या मित्र आपोआप जोडण्याची सोय बंद करून टाका.

या अ‍ॅपचा खरा जीव निरोपाशेजारच्या छोट्या पिवळ्या आकड्यात आहे. समोरच्याने वाचलं की १ नाहीसा होतो. दहा जणांच्या गटात आकडा ९ पासून खाली उतरत जातो आणि किती जणांचं वाचायचं राहिलंय ते कळतं. कुणी वाचलं ते मात्र कळत नाही. हा आकडा लपवायची सोय अ‍ॅपमध्ये नाही. नोटिफिकेशनमध्ये डोकावून वाचलं तर १ तसाच राहतो, आणि तिथले लोक ही युक्ती सर्रास वापरतात. दुसऱ्याने तुम्हाला ब्लॉक केलं असेल तर १ कधीच जात नाही, त्यामुळे तो दिसतोय म्हणजे माणूस कामात आहे असं धरून चालू नका.

फुकट निरोपातून पैसा येत नाही. तो आला गप्पांच्या खिडकीतूनच. २०१० च्या अखेरीस भेट पाठवायची सोय आली, २०११ मध्ये विकतचे इमोटिकॉन, जुलै २०१२ मध्ये गेम. 'अनिपांग' खेळायला हार्ट लागत आणि ते मित्रांकडून काकाओवर मिळत, त्यामुळे खेळाची जाहिरात खेळणारेच करत. भेटीची सोय तर आजही या अ‍ॅपमधली सर्वांत चोख गोष्ट आहे. मित्राची चॅट उघडायची, वस्तू निवडायची, पैसे भरायचे. कॉफी असेल तर त्याला बारकोड जातो आणि तो काउंटरवर दाखवला की झालं. वस्तू घरपोच जाणारी असेल तर पत्ता भेट घेणाराच भरतो, देणाऱ्याने विचारायची गरज नाही. बारकोडला मुदत असते, ती तेवढी पाहून ठेवावी.

पुढे २०१४ मध्ये 'दाउम' या पोर्टलशी विलीनीकरण झालं, मार्च २०१५ मध्ये टॅक्सी आली आणि जुलै २०१७ मध्ये शाखा नसलेली बँक. तिची पहिल्या पाच दिवसांतच दहा लाख खाती उघडली. मित्रयादीतल्या माणसाला खाते क्रमांक न विचारता पैसे पाठवता येतात, हे त्यामागचं मोठं कारण.

सगळं एकाच दारातून नेण्याची किंमत १५ ऑक्टोबर २०२२ ला कळली. काकाओचे सर्व्हर जिथे होते त्या पांग्यो इथल्या डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्यांच्या खोलीत आग लागली, वीज तोडावी लागली आणि चॅट, टॅक्सी, पेमेंट एकदम बसलं. सेवा पूर्ववत व्हायला १२७ तास ३० मिनिटं लागली. डेटाच्या प्रती दुसरीकडे होत्या, पण काम तिकडे वळवायची साधनंच दुसरीकडे पुरेशी ठेवलेली नव्हती. एवढ्या मोठ्या कंपनीची ही चूक अक्षम्यच. त्यानंतर आन्सानमध्ये कंपनीचं स्वतःचं डेटा सेंटर उभं राहिलं. तरी ज्या सेवांमध्ये काकाओ खात्याने लॉगिन करता, तिथे ईमेल किंवा नंबराची दुसरी वाट आधीच जोडून ठेवा.

सप्टेंबर २०२५ मध्ये मित्रांची साधी यादी काढून तिथे फोटोंची फीड लावली. लोक इतके भडकले की आठवड्याभरात यादी परत आणण्याचं कबूल करावं लागलं. काकाओवर माणसं माणसांशी बोलायला येतात, फोटोंची भिंत बघायला नाही. नव्या बदलांपैकी निरोप मागे घेण्याची मुदत पाच मिनिटांवरून २४ तासांवर नेली, ते मात्र उत्तम केलं.

खासगीपणाबाबत एक लक्षात ठेवा: साधी चॅट एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसते, म्हणजे फक्त बोलणाऱ्यांनाच वाचता येईल अशी कुलूपबंद नसते. २०१४ मध्ये सरकारी पाळतीच्या भीतीने बरेच लोक टेलिग्रामवर गेले, तेव्हा अशी कुलूपबंद सीक्रेट चॅट आली. ती दरवेळी वेगळी उघडावी लागते.

सर्वाधिक नुकसान होतं ते फोन बदलताना. खातं एका वेळी एकाच फोनवर चालतं. नव्यावर लॉगिन केलं की जुना बाहेर पडतो, आणि बॅकअप नसेल तर गप्पा गेल्याच. म्हणून आधी जुन्या फोनवर सेटिंग, चॅट, बॅकअप असं जाऊन पासवर्ड ठेवा. तो विसरलात तर काही परत मिळत नाही. १४ दिवसांच्या आत नव्या फोनवर रिस्टोर करा. या साध्या बॅकअपमध्ये फक्त मजकूर येतो, फोटो आणि व्हिडिओ आधी हाताने उतरवून घ्यावे लागतात.