ज्वलनातल्या वायूंची गणितं: पुस्तिका घ्याच, पण पान १७ दुरुस्त करून

नाशिकला कॉलेज रोडच्या झेरॉक्स दुकानांत अकरावी-बारावीच्या नोट्सचे गठ्ठे लागलेले असतात. त्यातली हायड्रोकार्बनच्या (फक्त कार्बन आणि हायड्रोजन असलेल्या संयुगांच्या) ज्वलनावरची ही ४८ पानी स्पायरल पुस्तिका सीईटी-जेईईवाल्यांनी जरूर घ्यावी. प्रत्येक गणिताला तीन ओळींचा तक्ता आहे: सुरुवातीला किती, वापरलं किती, उरलं किती. एवढ्यासाठीच ती घेण्यासारखी.

तापमान आणि दाब तेच असले की वायूंची आकारमानं समीकरणातल्या सहगुणकांच्या प्रमाणात असतात. मोल काढत बसायचं कारणच नाही. रेणूत क्ष कार्बन, य हायड्रोजन असतील तर १ मिलीला (क्ष + य/४) मिली ऑक्सिजन. पान ९ पाहा: १० मिली प्रोपेन (C₃H₈), ८० मिली ऑक्सिजन. वापरला ५०, उरला ३०, कार्बन डायऑक्साइड ३०. थंड केल्यावर वाफेचं पाणी होतं, म्हणून एकूण वायू ६०; पोटॅशने (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाने) कार्बन डायऑक्साइड शोषल्यावर ३०. मग पडताळा: ९० चे ६०, घट ३०; सूत्रानेही १० × (१ + ८/४) = ३०. हा पडताळा बऱ्याच नोट्समध्ये नसतो, इथे प्रत्येक गणिताखाली आहे. फार मोलाची गोष्ट.

पान १७ मात्र चुकलंय. तेच प्रोपेन, तेवढाच ऑक्सिजन, सगळी मापं १२० अंश सेल्सियसला, तरी शेवटच्या एकूण वायूचं उत्तर ६०! त्या तापमानाला पाणी वाफेतच राहतं, तिचे ४० मिली धरायलाच हवेत; उत्तर १००. ‘खोलीच्या तापमानाला’ हे शब्द वाचल्याशिवाय पाण्याचं आकारमान शून्य धरू नका.

हवेच्या गणितांतही घोळ आहे. हवेत ऑक्सिजन २० टक्के धरला तर १० मिली प्रोपेनला २५० मिली हवा, २१ टक्के धरला तर सुमारे २३८. दोन्ही आकडे न सांगता वापरलेत. शिवाय ‘पोटॅशनंतर काही उरत नाही’ असं छापलंय. २५० मिली हवेतला २०० मिली नायट्रोजन जाईल कुठे?

मिश्रणांचं प्रकरण सगळ्यात सरस. २० मिली प्रोपेन-ब्युटेन (स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्येही मुख्यतः हेच दोन), कार्बन डायऑक्साइड ६८ मिली. सगळं प्रोपेन असतं तर ६० आला असता. ब्युटेनमध्ये एक कार्बन जास्त, म्हणून जास्तीचे ८ म्हणजे ब्युटेन ८, प्रोपेन १२. समीकरण न मांडता उत्तर तयार.

मोलर आकारमान (एक मोल वायूचं आकारमान) कुठे २२.४, कुठे २२.७ लिटर आहे. पहिलं १ अॅटमॉस्फिअर दाबाला, दुसरं १ बार दाबाला, दोन्ही शून्य अंश सेल्सियसला. पेन्सिलीने लिहून ठेवा.

घेताना प्रत उघडून रेणुसूत्रांतले खालचे बारीक आकडे तपासा. झेरॉक्सचीच झेरॉक्स असल्याने ८ चा ६ दिसतो. मग प्रोपेनचा प्रोपीन होतो आणि ऑक्सिजन ५० ऐवजी ४५ मिली येतो.